आमच्या घरात काही फुटत नाही

आमच्या घरात काही फुटत नाही. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, इथपर्यंत सगळा महाराष्ट्र आमच्यासोबत आहे. पण आमच्याकडे कपही वाढतो, फुगाही वाढतो, आणि एका गणपतीत स्कूटरचा टायर महाडच्या भर बाजारात वाढला. शेजारणीनं खवचटपणे विचारलं, "किती वाढला?" सासूबाईंनी तिच्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला.

कारण साधं आहे. माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, बिरवाडीला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत रिॲक्टरवर ऑपरेटर आहे. रिॲक्टर म्हणजे घराएवढा बंद हंडा. आत काहीतरी शिजत असतं आणि ते काय हे विचारायचं नसतं. तो फुटू शकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून ते क्रियापद आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. नाव घेतलं की संकट पत्ता विचारत दारात येतं, असं सासूबाईंचं मत आहे.

माझी पंचाईत अशी की मी शाळेत मराठी शिकवते. त्यातून मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर वाढलेली. तिथे हे क्रियापद, आपली सगळी भावंडं घेऊन, गुराढोरांसारखं मोकळं हिंडायचं. फणसाची आठळी न टोचता निखाऱ्यात टाकली की फाडकन उडायची. शेंगा उन्हात तडकायच्या. रस्त्याच्या कामावर सुरुंगाचा बार उडायचा, त्याआधी मुकादम "बार हाय रे, पळा!" असं ओरडायचा आणि आम्ही हमखास त्याच दिशेने पळायचो. आई चिडली की तिचा भडका उडायचा आणि जेवणाच्या आत विझायचा. कोणालाही त्यात अपशकुन वाटला नाही.

लग्न होऊन बिरवाडीत आले आणि माझा शब्दकोश अर्धा झाला. शाळेत मात्र तो रोज उघडावा लागतो. आठवीच्या वर्गात 'स्फोट होणे' याला समानार्थी शब्द विचारले, तर मुलांनी फुटणे, उडणे, भडकणे अशी रास घातली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आवाज होणे." तिचे वडील कंपनीत आहेत. मी तिला शाबासकी दिली. पुस्तकात नसला तरी वसाहतीत हाच शब्द रूढ आहे. कंपनीत काही फुटलं, तर आवाज होतो. जास्त फुटलं, तर घटना घडते. त्याहून जास्त फुटलं, तर पुढारी येतात आणि घटना दुर्दैवी होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण कोणत्या तरी मॅनेजरनेच काढली असावी.

माझा नवराही त्याच शाळेचा. कधीतरी घरी येऊन तो म्हणायचा, "आज डिस्क गेली." रिॲक्टरवर एक पातळ पत्रा बसवलेला असतो. आतला दाब हाताबाहेर गेला की हंड्याच्या आधी तो फुटतो आणि हंडा वाचतो. हे मला फार उशिरा कळलं.

"गेली म्हंजे कुठं गेली?" सासूबाई विचारायच्या.

"वर."

"आन् मग?"

"नवी बसवली."

एवढ्यावर त्या निश्चिंत होऊन भाकरी थापायला बसायच्या. आमच्या घरात कामाविषयी यापलीकडे बोलणं होत नसे, आणि आम्ही तिघंही त्याला समाधान म्हणायचो.

मग एका शनिवारी दुपारी आवाज झाला. मी शाळेतून नुकतीच आले होते, सासूबाई अंगणात सुकट निवडत होत्या. मांडणीवरची ताटं खाली आली आणि खिडकीची काच, काय सांगू, वाढली. नवरा फर्स्ट शिफ्टला होता, सुटायला अजून वेळ होता.

सगळी आळी बाहेर आली. बिरवाडीत प्रत्येक पुरुष आवाजातला तज्ज्ञ आहे. एकाने छातीठोक सांगितलं, घाटातल्या बोगद्याचा सुरुंग. दुसऱ्याने ट्रकचा टायर सांगितला. कंपनीतून निवृत्त झालेल्या काकांनी डोळे मिटून, गवई सूर ओळखतो तसं, "बॉयलर" म्हणून निकाल दिला. समोरच्या खोलीत भाड्याने राहणारा परप्रांतीय मुलगा म्हणाला, "कुछ फटा है," तर काकांनी त्याला झापलं की नीट माहिती असल्याशिवाय बोलू नये. तेवढ्यात झाडांच्या वर पिवळट धूर दिसला आणि तज्ज्ञ गप्प झाले.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, तो गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. मला हे माहीत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा लावत होते. शेवटी मी स्कूटर काढली. सासूबाई मागे बसल्या, सुकटीचे हात तसेच.

गेटवर ही गर्दी. स्वच्छ हेल्मेट घातलेला एक तरुण अधिकारी हात जोडून बोलत होता. "घाबरण्याचं कारण नाही. छोटीशी घटना घडलेली आहे. प्रेशर रिलीज झाल्यामुळे आवाज झाला. परिस्थिती नियंत्रणात आहे."

"माजा पोरगा आत हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, सर्व कर्मचारी सुरक्षित स्थळी..."

"कशाचा आवाज झाला?"

"प्रेशरचा, मावशी."

"अरे, काय फुटलं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अधिकाऱ्याने पुन्हा 'घटना' काढली, तशा सासूबाई गर्दी सारत पुढे झाल्या. "फुटलं तं फुटलं म्हण! काय फुटलं, कुठं फुटलं आन् तिथं कोन उबं होतं, त्येवडं सांग. तुज्या आवाजाला काय करू मी?"

अधिकाऱ्याने हेल्मेट सारखं केलं. त्याच्या मागून दासगावचा वॉचमन हळूच म्हणाला, "दोन नंबरचा फुटला, मावशी. दोन नंबरचा रिॲक्टर."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आपला कुठल्या नंबरावर असतो गो?"

मला माहीत नव्हतं. फुटण्याला डझनभर शब्द पाठ असलेली मी, आणि माझा माणूस रोज कुठे उभा राहतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्या क्षणी मला आमच्या त्या गोड घराचा मनस्वी संताप आला.

बऱ्याच वेळाने तो चालत बाहेर आला. भुवया जळलेल्या, कानांत दडे बसलेले. तो तीन नंबरवर असतो. दोनवरच्या भाजलेल्यांना मुंबईला हलवलं, त्यांतला एक आमच्या लग्नात वाढायला होता. संध्याकाळी कंपनीने घटना किरकोळ असल्याचं कळवलं.

त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला आम्ही ओरडून बोलत होतो. सासूबाई ओरडल्या, "परत फुटंल का रे?"

तो एरवी 'नाय गो आये' म्हणाला असता. त्या दिवशी म्हणाला, "फुटंल. कदी ते नाय सांगता येत."

सासूबाईंनी मांडणीवरून वाट्या काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. "दाखव."

त्याने जमिनीवर वाट्या उपड्या घातल्या. हा एक, हा दोन, हा तीन. पाइपांसाठी चमचे आडवे ठेवले. तीनच्या मागे, भिंतीच्या अंगाला बोट टेकवून म्हणाला, "मी हितं."

"आन् दार?"

त्याने भाकरीचा तुकडा तोडला आणि पार पलीकडे, एक नंबरच्याही पुढे ठेवला. सासूबाईंनी त्याच्या बोटापासून त्या तुकड्यापर्यंत वितीने मापायला सुरुवात केली. वाटेत चमचे होते, ते ओलांडून त्यांना वळसा घ्यावा लागला. पोचल्यावर त्या तशाच ओणव्या राहिल्या.

"लांब हाय रे," त्या म्हणाल्या.

त्याला ऐकू आलं नाही. त्याने कानामागे हात धरला. तेव्हा त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दार लांब हाय."