रक्तातलं दुखणं

गढा मोहल्ल्यात आमच्या शेजारी एक स्कूटर मेकॅनिक राहायचा. पाना निसटून बोट खरचटलं तरी तो डोळे घट्ट मिटून खाली बसायचा आणि लोक हसायचे. पाठदुखीच्या गोळ्यांचं त्याला व्यसन लागलं होतं. ते कधीच सुटलं, पण गल्ली त्याला नशेडीच म्हणायची.

त्याची मुलगी जिन्यावरून पडली, मनगट मोडलं. दवाखान्यात मी सोबत गेले. इंजेक्शन देऊनही पोरगी विव्हळतच होती.

"साहेब, अजून थोडं औषध द्या," तो म्हणाला. "माझ्या आईचं असंच होतं, माझंही. आमच्या रक्तातच आहे, दुखणं जास्त लागते."

डॉक्टर त्याला गोळ्यांच्या दिवसांपासून ओळखत होते. "किसके लिए चाहिए, भैया? बेटी के लिए, या अपने लिए?"

तो मला म्हणाला, "दीदी, तुम्ही बसा तिच्यापाशी. मी इथं असलो तर तिला देणार नाहीत."

तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने डॉक्टरांनी खरंच दुसरं इंजेक्शन दिलं. पोरीचे डोळे मिटू लागले.

"बाबा काहून गेले?" तिने विचारलं.

मी बोलायच्या आत डॉक्टर हसले. "उनको नहीं मिला ना, इसलिए."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तशीच झोपली.