लोड दुसऱ्या सेटवर

गोदामांची रांग मागे पडली तरी आमचं चालणं संपलं नव्हतं. धुकं असं होतं की पुढचा दिव्याचा खांब अगदी जवळ आल्यावर दिसायचा, आणि ओलांडला की विरघळून जायचा. माझ्या मोठ्या नणंदबाई, वन्सं, थोडं चालायच्या, थांबायच्या, दम घेऊन पुन्हा निघायच्या. परवा त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. तोवर झेपेल तेवढं सपाट रस्त्यावर चाला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. रोज आम्ही गोदामांपासून परत फिरायचो. आज त्या पुढे निघाल्या. कुठे, असं मी विचारलं नाही. वन्संना विचारलं की "चल" एवढंच उत्तर मिळतं, हे मला सासरी आल्यापासून ठाऊक आहे.

वन्सं जनरेटर बसवतात, त्यांच्या भाषेत 'सेट'. नुसता आणून ठेवत नाहीत. शिंपी अंगावर माप घेऊन कपडा बेततो तसा त्या जागेला बेतून देतात. सासरे इंजिनं दुरुस्त करायचे. ह्यांनी पान्याला कधी हात लावला नाही आणि वन्संनी तो कधी खाली ठेवला नाही. लग्नाचं म्हणाल तर, स्थळं आली, चहा पिऊन गेली. त्या म्हणतात, एकालाही माझा आवाज सहन झाला नसता, आणि आवाज दाबायला भोवती पेटी घालून घ्यायला मी काही मशीन नाही.

काम मात्र असं, की बघत राहावं. अंडी उबवण्याच्या कारखान्यात त्यांनी धुराची नळी लांब वळवून कुंपणापलीकडे नेली, पिल्लांच्या नाकात जायला नको म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी शेजारी लहान मुलांची शाळा होती, तिथे इंजिनाभोवती पत्र्याची पेटी केली आणि आतून जाड फोम लावला. मग मशीन असं घुमायचं, जसं कुणी शेजारच्या खोलीत तोंड मिटून गाणं म्हणतंय. मोठ्या घरी गेल्या की मालकाचं सगळं ऐकून घेतात, लिफ्ट, एसी, टीव्ही. मग घरातलं जे माणूस सगळ्यांत कमी बोलतं त्याच्यापाशी जाऊन बसतात आणि विचारतात, लाईट गेली की तुम्हाला आधी काय हवं? एका आजीबाईंनी बाथरूमच्या वाटेवरचा बारका बल्ब सांगितला होता. त्या घरात अजून लिफ्टच्या आधी तो बल्ब लागतो.

मलाही विचारलं होतं एकदा. मी म्हटलं, देवापुढचा दिवा. त्या म्हणाल्या, तो तेलावर चालतो, त्याचं माझ्याकडे काही काम नाही.

इंजिन चालू झाल्या झाल्या सगळा लोड त्याच्यावर टाकत नाहीत त्या. झोपेतून उठवलेल्या माणसाला एका दमात सगळी कामं सांगितली तर ते गांगरतं, तसंच इंजिनाचं, ते गुदमरतं. म्हणून आधी थोडे दिवे, मग पंखे, मग जड यंत्रं. मला कधी कधी स्वप्नात दिसतं, सगळं गाव काळोखात आहे, आणि वन्सं गल्लीतून जाताहेत, एकेका घराला नावानं हाक मारून उठवताहेत.

धुक्यातून हॉस्पिटलची मागची भिंत वर आली तेव्हा कळलं, आपण कुठे आलो ते. फाटकावरचा पहारेकरी त्यांना ओळखत होता. आज जनरेटरची तपासणी का ताई, म्हणाला. वन्सं म्हणाल्या, नाही, उद्या भरती व्हायचंय, पेशंट म्हणून. तो म्हणाला, मग पुढच्या दारानं या, मागून कशाला? वन्सं हसल्या. पुढचं दार कुठे आहे तेच मला माहीत नाही, म्हणाल्या.

आत त्यांनीच बसवलेल्या जनरेटरच्या पेटीचं लहान दार उघडून त्यांनी माझा हात आत नेला आणि इंजिनावर टेकवला. बाहेर बोटं गारठली होती, आणि ते बंद इंजिन कोमट होतं, अंग मुडपून निजलेल्या गाईसारखं. आतलं पाणी आम्ही कायम गरम ठेवतो, त्या म्हणाल्या, हाक मारली की लगेच उठायला हवं. तेवढा वेळ ऑपरेशनच्या खोलीत बॅटरी सांभाळते.

मग त्या कठड्यावर टेकल्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला तिथे सांगितलं. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. झडप बसवताना हृदय बंद ठेवणार. तेवढा वेळ रक्त एक मशीन फिरवणार. वन्संना ते लगेच समजलं होतं. म्हणजे लोड दुसऱ्या सेटवर टाकणार, एवढंच ना, असं त्यांनीच डॉक्टरांना म्हटलं. आणि परत माझ्यावर आणताना सगळा एकदम आणणार का, हेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, छे, हळूहळू. ते मला आवडलं, वन्सं म्हणाल्या.

पण त्यांचा हात छातीवर होता. माझं इंजिन आजवर कधी बंद केलेलं नाही गं, म्हणाल्या. ते पुन्हा उठेल का, हे काही डॉक्टर लिहून देत नाहीत. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, मी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर बसून जप करीन, उठणार नाही. ह्यांनाही बसवीन.

"त्याला बसव दाराबाहेर," वन्सं म्हणाल्या. "तू इथे बस."

"इथे? मशीनपाशी?"

"जप इथे कर. देवाला काय, मागची बाजूही ठाऊक आहे."

मला ह्यातलं काही कळत नाही वन्सं, मी म्हटलं, लाईट गेली आणि हे सुरू झालं तर मी काय करायचं?

"काही करायचं नाही. कशाला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "आवाज आला की मनात म्हण, वन्सं आत आहेत, नीट चाल. एवढं कर माझ्यासाठी. आणि शाल घेऊन ये, इथे वारा लागतो."