उणेअधिक सरांचे उपग्रह

धसईच्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांना वेळ विचारली की ते म्हणत, "अकरा वाजून दहा, दोन मिनिटं उणेअधिक." वय विचारलं तर, "एकावन्न, एक वर्ष उणेअधिक. शाळेत घालताना गुरुजींनी मला नुसतं बघून वय लिहिलं होतं." मुलांनी त्यांचं नावच 'उणेअधिक सर' पाडलं होतं. मी मराठी शिकवणारी, पण मलाही त्याहून चांगलं नाव सुचलं नसतं.

पटसंख्येच्या सरकारी तक्त्यात त्यांनी एकदा लिहिलं, 'एकशे ब्याऐंशी, भातलावणीत वीस कमी.' वरून खुलासा मागवला गेला. सरांनी लगेच पाठवला, 'लावणी आटपत आल्याने आता बाराच कमी.'

दोन हजार सालानंतर त्यांच्या मेहुण्याने आखातातून जीपीएसचं, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा सांगणारं, हातातलं यंत्र आणलं. सर रोज मधल्या सुट्टीत ते घेऊन शाळेच्या विहिरीवर उभे राहत आणि शिक्षकखोलीत येऊन सांगत, "आज विहीर आठ मीटर पूर्वेला आहे." शिपाई पहिले दोन दिवस खिडकीतून बघून आला.

त्यातच त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की या उपग्रहांच्या जागा रोज जमिनीवरून तपासून दुरुस्त कराव्या लागतात, आणि पुढचे उपग्रह मात्र आपापसातली अंतरं मोजून महिनोन् महिने स्वतःच स्वतःला दुरुस्त करणार आहेत. सर अस्वस्थ झाले. "बाई, अंतरं बरोबर राहतील. पण सगळेच्या सगळे मिळून एकाच दिशेला थोडे जास्त फिरले तर त्यांना कळणार कसं?"

ते सिद्ध करायला त्यांनी शाळा तपासायला साहेब आले तो दिवस निवडला. दहावीची आठ मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून गोल उभी केली आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत दोऱ्या दिल्या. दोरी ताठ ठेवून फेऱ्या मारायच्या आणि दहाव्या फेरीला आपापल्या खुणेच्या दगडाशी थांबायचं, एवढाच हुकूम. दहा फेऱ्यांनंतर दोऱ्या ताठ होत्या, गोल सुरेख होता, आणि तो मुख्याध्यापकांच्या वांग्यांच्या वाफ्यात उभा होता.

"आलो का रे आपल्या जागी?" सरांनी विचारलं.

"आलो, सर," आठही जण एका सुरात म्हणाले.

साहेब हसू दाबत होते. मुख्याध्यापक वांगी मोजत होते. सर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, उपग्रह नुसते गोलातल्या गोलात फिरले असते. वांग्यांत सरकणं मुलांनी पदरचं घातलं."

मग त्यांनी मंदा नावाच्या मुलीची पट्टी सोडली आणि तिला झेंड्याच्या खांबाला धरून उभं केलं. ती तिथून एकेकाला "डावीकडं सरक रे" म्हणून सांगत राहिली. या वेळी सगळे आपापल्या दगडाशी थांबले. साहेबांनी विचारलं, "मुली, पुढे काय शिकणार?" मंदा सोडलेल्या पट्टीची घडी घालू लागली. तिचे बाबा दहावीनंतर तिला मुरबाडच्या कॉलेजात पाठवणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सर नुसत्या दोऱ्या गुंडाळत राहिले, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

जुलैत मंदाला मुरबाडला प्रवेश मिळाल्याचं कळलं. बापाचं मन आपोआप पालटलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

सर निवृत्त होऊन दोनच वर्षांत गेले. त्यांच्या गावी, शेणव्याला, आम्ही भेटायला गेलो तेव्हा मंदाचे बाबा माझ्याबरोबर होते. मंदा कल्याणला नर्स झाली होती. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "सर चार रविवार घरी आले. मी म्हनलं, पोरगी एकटी धाडायची नाय. तर म्हनाले, पयला महिना आपण दोघं तिच्यासंगं जाऊ. रोज सकाळच्या गाडीनं मुरबाड. तिला कॉलेजच्या दारात सोडायची न् माघारी. महिन्यानं मीच म्हनलं, सर, आता जाऊ दे तिला एकटी."

त्या महिन्यात सर रोज शाळेत उशिरा येत होते. हजेरीपटावर आल्याची खरी वेळ लिहीत, म्हणून त्यांच्या रजा कापल्या गेल्या. मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय सर, हल्ली सकाळी जाग येत नाही वाटतं?"

"नाही येत, बाई," एवढंच म्हणून ते वर्गावर गेले होते.