लाल म्हणजे चालू

आमच्या बाजूचे धोंडबा भाऊजी रसमड्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाले, पण त्याईचे हात काही रिटायर झाले नाईत. पंखा चांगला चालून राहिला तरी हे त्याच्याकडे डॉक्टरसारखे पाहत बसतात. पलंगाखाली लोखंडाची औजारपेटी आहे. त्याईची बायको सत्यशीलाबाई तिले सवत म्हणते. मी म्हणते, सवत बरी वं बाई, झाडू मारताना पायाले तं लागत नाई.

तं झालं असं. त्याईची नात उन्नती घरीच बसून लोकाईच्या घरांचे नकाशे काढते. तिनं कॉम्प्युटरच्या काचेच्या डब्यात निळ्या एलईडीची पट्टी लावली. पट्टीचा अडॅप्टर वेगळा, म्हणून कॉम्प्युटर बंद केला तरी पट्टी आपली चालूच. आणि सत्यशीलाबाई त्याच खोलीत झोपते.

"मी झोपू का मासोळ्या पाहू?" म्हणे.

"रिले लावून देतो," भाऊजी म्हणाले.

"तुमी हात लावू नका. मिक्सर आठवते ना?"

मिक्सर सगळ्या गल्लीले आठवते. भाऊजींनी दुरुस्त केल्यावर तो उलटा फिरून राहिला होता.

शेवटी बाई तयार झाली, पण अट घातली. "या खेपेले काही बिघडलं तं पेटी कबाडीवाल्याले."

रिले म्हणजे काडीपेटीएवढा डबा. आतल्या कॉइलले करंट आला का पत्ती टक्कन एकीकडे बसते, गेला का दुसरीकडे. भाऊजींनी कॉइल कॉम्प्युटरच्या आतल्या बारा व्होल्टले जोडली आणि पट्टीची तार पत्तीतून नेली. कॉम्प्युटर चालू तं पट्टी चालू, बंद तं बंद. इथंच थांबले असते तं मी हे सांगत बसली नसती.

पण भाऊजींले अंधार पटत नाई. "अंधार म्हणजे काय? मशीन बंद आहे, का बल्ब उडाला? केवलरामनं अंधाराले बंद समजलं आणि हात घातला. दोन बोटं गेली त्याची." केवलराम म्हणजे कारखान्यातला त्याईचा जोडीदार.

म्हणून त्याईनं कारखान्याच्या पॅनलसारखं केलं. निळी काढून लाल पट्टी लावली, आणि पत्तीच्या दुसऱ्या बाजूले एक बारका हिरवा दिवा. चालू तं लाल, बंद तं हिरवा. उन्नती खूश. "क्या बात है आजोबा, एकदम गेमिंगवाला दिखता है!" आजीले मात्र कोणी सांगितलंच नाई.

दुसऱ्या दिवशी उन्नती जेवाले उठली, आणि सत्यशीलाबाई विहारातून आली. पाहते तं डबा आतून लालबुंद. तिनं पयले बोर्डाचं बटन दाबलं, मंग बोंबलली, "आग लागून राहिली वं!"

उन्नतीच्या नकाशातला जिना गेला, दोन बेडरूम गेल्या. "सेव नहीं किया था, आजी!"

"मंग लाल कावून लावला? लाल म्हणजे धोका. रेल्वे फाटकावर काय हिरव्यानं थांबतात?"

"चालू मशीनचाच धोका असते," भाऊजी म्हणाले. "बंद मशीन कोणाले काय करते?"

"मले शिकवू नका. रंग बदला. आता एकडाव असं झालं तं पेटी गेलीच समजा."

बदलले बिचाऱ्यानं. पट्टी हिरवी, बारका दिवा लाल.

रविवारी भाऊजी डब्यातली धूळ काढाले बसले. कोणी सांगितलं नव्हतं, आपल्याच मनानं. उन्नती आंघोळीले गेली होती, स्क्रीन काळा पडला होता, आणि पंख्याचा बारीक आवाज भाऊजींले आता ऐकू येत नाई. त्याईनं डब्यात पाहिलं, हिरवा. त्याईच्या डोक्यात हिरवा म्हणजे अजून बंदच. तरी सवयीनं प्लग ओढला. बंद मशीनचाही प्लग काढल्याशिवाय हा माणूस आत हात घालत नाई.

या खेपेले नकाशातलं स्वयंपाकघर गेलं.

सत्यशीलाबाई सरळ पलंगाखाली वाकली. तिनं पेटी ओढली. एकटीनं उचलेना, तं मले हाक मारली, "रत्नमाला, दुसरी कडी धर वं." आमी दोघी पेटी घेऊन गेटपर्यंत आलो. मागून भाऊजी. गल्लीत कबाडीवाला आलाच होता, त्यानं वजनाचा काटा काढला.

"चालू आहे हे तुमाले दिसलं नाई का?" बाईनं विचारलं.

"हिरवा होता."

"मंग?"

"हिरवा होता म्हणून तं हात घातला."

ती त्याईच्या हाताकडे पाहत राहिली. हात धुळीनं भरले होते. मी पण पाहिलं. बोटं दहाच्या दहा, केवलरामसारखी आठ नाई.

"ठेव खाली," ती मले म्हणाली. मंग कबाडीवाल्याले, "जा बाबा, काही नाई आहे."

"आणि अट?" मले कुठी राहवते!

"अट बिघडण्याची होती. रिले तं बराबर टकटक करून राहिला ना?"

आता डब्यात पुन्हा लाल पट्टी आहे, आणि पेटी पलंगाखाली. परवा सत्यशीलाबाई माझ्याकडे आली होती. बाथरूममध्ये हात धुताना तिनं गिझरचा लाल दिवा पाहिला आणि मले म्हणे, "चालू आहे वं, ओला हात नको लावू."

मी म्हटलं, "जा, फाटकावर सांगून ये."