काळ्या पडद्याशी भांडणारी याडी

याडी कॉम्प्युटरशी भांडायची. तेही अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. नेरजवळच्या त्या बंजारा तांड्यात लहानथोर सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. शेजारच्या गावातून सायकल हाणत शिकायला जाणारी मीही तेच म्हणू लागले.

तांड्याच्या समाजमंदिरात ती आम्हा पोरींचा कॉम्प्युटर वर्ग चालवायची. यंत्रं शहरातल्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेली. नवी सिस्टीम त्यांना झेपेना, म्हणून याडीनं फुकटातली, हलकी लिनक्स सिस्टीम टाकायचं ठरवलं. तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, नात्यानं तिचा दीर. तो म्हणाला, "वहिनी, सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला. तवरक चालले डबे तर ठीक, नाही तर इथं सोयाबीनची पोती ठेवू." वर्ग गेला की आमचं शिकणं संपलं. शिकायला रोज बसनं यवतमाळला कोण धाडणार होतं आम्हाला? कुणी नाही!

पहिल्या डब्यावर लिनक्स टाकून झाली, मशीन पुन्हा सुरू केली आणि पडदा काळा ठिक्कर. "गेलं!" आम्ही ओरडलो. याडीनं डब्याला कान लावला. "पंखा फिरून राह्यला. जित्तं हाय थे, रुसलं फक्त." मग सुरू होतानाच्या यादीवर थांबून तिनं आज्ञेच्या ओळीत 'नोमोडसेट' एवढा एक शब्द घातला. म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या कार्डानं फार शहाणपणा न करता साधं चित्र दाखवायचं. जाड, ओबडधोबड अक्षरं आली. पण आली तर खरी!

आता कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला नीट चालवणारा प्रोग्राम, हवा होता. तांड्यात नेटची बोंब, म्हणून याडीनं नेरहून पेन ड्राइव्हवर त्याची पॅकेजेस भरून आणली होती. ती टाकताच पडदाभर चुकाच चुका. मी रडकुंडीला आले. "पहिली चूक वाच, पोरी," याडी म्हणाली. "नवरदेव अडवला का मागची वरात आपोआप थांबते." मी वाचली. पॅकेज होतं एका आवृत्तीचं, आमची लिनक्स दुसरीच. याडीनं कपाळावर हात मारला. "म्याच आणली थे, गाढवीनं!" तिचा पश्चात्ताप तेवढ्यावर आटोपला. चुकीची पॅकेजेस काढून टाकत म्हणते कशी, "नेट तांड्यात येत नाही ना? मंग तांडाच नेटकडं जाईन."

आणि निघाली की! डबा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीत बसली. शेजारी मी. कंडक्टर म्हणाला, "बाई, सामानाचं तिकीट काढा."

"सामान? लेकरू हाय माझं. थंडी वाजते म्हून गोधडीत घेतलं."

बस हसली, कंडक्टर हटेना. तशी याडी उसळली, "आमच्या बापजाद्यांनी बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घातला, तवा कोणी तिकीट नाही मागितलं. तू कायले मागतं?" त्यानं हात जोडले आणि पुढच्या सीटकडे वळला.

नेरला तिच्या भाच्याच्या दुकानात नेट होतं. तिथं बरोबर आवृत्तीची पॅकेजेस उतरली, चित्र लख्ख झालं. तीच पॅकेजेस आणून तिनं बाकीचे डबेही उठवले. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा सगळे पडदे उजळलेले, आणि दारात पदर खोचून याडी. "भंगार पाह्यजे? नायकाची फटफटी ने!" नायकालाच आधी हसू फुटलं.

गेल्या हिवाळ्यात याडी गेली. सगळ्यात मोठ्यानं नायकच रडला. मला तर तिचा रागच आला. आम्हाला एवढं भांडायला शिकवलं आणि स्वतः न भांडता गेली! तेराव्यालाच कुणीतरी म्हणालं, आता वर्ग बंद, पोती ठेवू. "काहून?" मी विचारलं. असं विचारलं, की पुन्हा कुणी विषय काढला नाही. वर्ग आता मी घेते.

परवा एक डबा पुन्हा काळा पडला. पंखा ऐकला. फिरत होता. तीच गोधडी काढली, डबा गुंडाळला आणि नेरच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर नवा होता. "ताई, हे काय?"

"याडीचं लेकरू," मी म्हटलं. "याले तिकीट लागत नाही."