अज्जींच्या कुत्र्याची नडगी

मी हाडं ओळखणारा माणूस. आजवर इतकी पाहिली आहेत की कुणी भेटलं तर चेहऱ्याआधी गुडघे लक्षात राहतात. एका लग्नात नवरीचं कौतुक करताना मी तिच्या जबड्याबद्दल बोललो, तेव्हापासून आमंत्रणं बंद आहेत. सांगताना थोडं पदरचं घालायची मला खोड आहे. पुढे येणाऱ्या पावलांच्या बाबतीत मात्र घातलेलं नाही.

म्हैसूरजवळच्या कडकोळच्या पलीकडे एका शेतात जुनं दफन निघालं. माणसाच्या पायाशी कुत्रा, आणि कुत्र्याच्या मागच्या डाव्या पायाची नडगी मोडून पुन्हा जुळलेली. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्या लंगड्याला बसवून खाऊ घातलं होतं. असं मला वाटत होतं. वाटलेलं अहवालात चालत नाही. माणसानं जपलेल्या कुत्र्याचं तसंच जुळलेलं हाड शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

सरस्वतीपुरमात आमच्याच गल्लीत असं एक हाड हिंडत होतं. जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या मराठी घरातल्या एक अज्जी, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. त्यांच्या कुत्र्याला स्कूटरनं उडवलं, तेव्हा त्यांनी त्याला लहान मुलासारखं सांभाळलं. पाय जुळला, पण घासतच राहिला. तो म्हातारा होऊन मेला. मी सांत्वनाला गेलो आणि लाज सोडून सांगाडा मागून आलो. आमच्या कामात रीतच आहे : जनावर मच्छरदाणीच्या कापडात बांधून पुरायचं, म्हणजे बोटांची पेरं हरवत नाहीत, आणि दोन पावसाळ्यांनी उकरायचं.

"पूर, पण माझ्याच अंगणात," अज्जी म्हणाल्या.

दोन पावसाळ्यांनी फावडं घेऊन गेलो, तर त्या फाटकात आडव्या.

"आता बेडा रे, नको उकरू. तो येतोय."

"कोण?"

"रोज चारला, व्हरांड्यात. टक, टक, टक, आणि मग घासत. सुम्मने, उगाच सांगत नाही मी. दुसरं कोण येतंय माझ्याकडे?"

आठवड्यात जसाच्या तसा आणून देतो, असं मी कबूल केलं. त्यांनी मला आत घेतलं, पण मी उकरताना त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात रोज सव्वाचारला त्यांचा फोन. एकच वाक्य : "घर गप्प आहे."

आठव्या दिवशी मी सगळी हाडं त्याच कापडात बांधून परत पुरली. सगळी म्हणजे, नडगी सोडून. ती लॅबच्या कपाटात. एवढ्या हाडांत एक कुणाला कळतंय?

दुसऱ्या दिवशी अज्जींनी मला बोलावून व्हरांड्यात बसवलं. लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून सिटी बस जात होती. चार वाजले.

टक. टक. टक.

मग काहीच नाही. एका पावलाएवढी रिकामी जागा. पुन्हा टक, टक, टक. लाल फरशीवर पानसुद्धा हललं नव्हतं. मला टक्कल आहे, तरी केस उभे राहिले. पावलं माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

अज्जींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चौथा कुठं ठेवलास?"

"लॅबमध्ये."

"का?"

"त्या जुन्या कुत्र्याला कुणीतरी जपलं होतं, हे सिद्ध करायचंय."

"जपल्याशिवाय लंगडा म्हातारा होतो काय रे? लिही, मी सांगितलं म्हणून."

त्याच दिवशी मी नडगी आणून पुरली. माती अज्जींनीच लोटली. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

अहवालात फोटो आणि मापं दिली आहेत. मूळ हाड कुठे पाहायला मिळेल, असं अहवाल तपासणाऱ्यांनी लिहून विचारलंय. त्यांना पत्ता कळवावा की वेळ, एवढंच माझं ठरत नाही.