अण्णाजी खरं वाजवतात

आर्वीत लग्नाच्या वराती पुष्कळ निघतात, पण अण्णाजींच्या मते त्यांत वाजवणारा माणूस एकच, ते स्वतः. बाकीचे गाल भाड्याने देतात. ज्यांच्याविषयी हे बोलायचं, ते शेजारीच गणवेश घालून उभे असत, याचीही त्यांना फिकीर नसे.

तसं ते खोटंही नव्हतं. अण्णाजींचा बँड मालकाच्या मुलाने, धीरजने, हाती घेतला आणि पहिल्याच वर्षी गाडीवर मोठे भोंगे चढवून पेनड्राइव्ह लावला. ढोल-ताशा तेवढा खरा. बाकीचं गाणं पेनड्राइव्हमधून. नत्थूजींच्या ट्रम्पेटात चिमणीने घरटं केलं असतं, तरी हंगामभर कुणाला कळलं नसतं. अण्णाजींची मात्र अट होती. त्यांचं गाणं आलं की पेनड्राइव्ह बंद. साठी उलटलेला हा गृहस्थ मग डोळे मिटून क्लॅरनेट फुंकायचा आणि संपल्यावर सोबत्यांकडे असा पाहायचा, की त्यांनी गणवेश उतरवून घरी जावं.

यंदा ऐन लग्नसराईत त्यांचा कधीचा हलणारा पुढचा दात काढावा लागला. आठ दिवस काही फुंकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. दुसऱ्याच दिवशी वरात होती. घरी बसावं तर धीरज दुसरा माणूस आणणार, आणि आलेला माणूस कायमचा राहणार. या धसक्याने अण्णाजी सुजलेला ओठ मिशीखाली लपवून आले आणि धीरजला बाजूला घेऊन म्हणाले, "आज माह्या गाण्याले पेनड्राइव्ह बंद नको करजो."

धीरज हसला नाही, हे त्याचे उपकार.

वरात निघाली आणि अण्णाजींना पाहुण्यांत रूपराव दिसले. चाळीस वर्षं हार्मोनियम शिकवलेला माणूस. गावात कान आहे तो यांनाच, बाकीच्यांना नुसती भोकं, असं अण्णाजीच सांगत फिरायचे. आपलं गाणं आलं तसा त्यांनी क्लॅरनेट ओठांना नुसता टेकवला. बोटं मात्र त्यांनी इमानाने चालवली, एकही जागा चुकवली नाही. रूपराव मंडपापर्यंत अगदी जवळून, मान खाली घालून चालले.

दारात ते थांबले. अण्णाजींनी क्लॅरनेट खाली घेतला. आता चोरी उघडी पडणार.

"राग नका मानू, अण्णाजी," रूपराव हळूच म्हणाले, "पण दोन वर्षांनी आज तुमचं वाजवणं सुरात ऐकलं."

खरं सांगावं तर आज फुंकलंच नाही, हे कबूल करणं आलं. गप्प बसावं तर दोन वर्षं बेसूर वाजवलं, हे पदरात घेणं आलं. जन्मभर दुसऱ्यांची लाज काढणाऱ्या माणसाला स्वतःची कुठे ठेवावी ते कळेना. त्यांनी हात जोडले. "तुमची कृपा," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी पुढची वरात. ओठ बरा झाला होता. अण्णाजींचं गाणं आलं, तसा धीरजने सवयीने पेनड्राइव्ह बंद करायला हात नेला.

"राहू दे," अण्णाजी म्हणाले आणि नत्थूजींच्या शेजारी उभं राहून त्यांनी गाल फुगवले.